गावकूस कोणी बांधले?

नाथषष्ठीला पैठणला नाथांचे दर्शन घेतले आणि परतताना आम्ही चौघे देवगिरीला गेलो. वारकऱ्याला हा किल्ला परका नाही. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथले किल्लेदार. गुरुसेवेत नाथांची कोवळी वर्षे याच तटांच्या आत गेली.

वेरूळकडे जाणारा रस्ता आजही जुन्या तटाच्या वेशीतून जातो. सर्वांत बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, आणि डोंगराला बिलगून काळाकोट. आम्ही तटाच्या कडेकडेने चालत होतो. फाल्गुनाच्या उन्हाने दगड तापले होते. इथले दरवाजे एकासमोर एक नाहीत. एकातून आत शिरले की वळावे लागते, म्हणजे शत्रूच्या हत्तीला धाव घेऊन पुढच्या दाराला धडक देता येऊ नये. दारांवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. पुढे कातळात खोदलेला खंदक, आणि त्यापलीकडे माणसाला चकवणारी अंधारी वाट.

आज दिसणाऱ्या तटबंदीचा बराच भाग यादवांनंतरचा आहे. पण गड तेव्हाही दुर्गमच होता. तरी १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा रामदेवरावांना शरण जावे लागले. फौजेचा मोठा भाग राजपुत्राबरोबर दूर होता. फिरिश्त्याने लिहिले आहे, की धान्याची समजून गडावर नेलेली पोती उघडली तर त्यांत मीठ निघाले. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी ज्यांचा उल्लेख केला, तेच हे रामदेवराव. आणि त्याच १२९६ सालच्या कार्तिकात माउलींनी आळंदीला समाधी घेतली.

हे सगळे मी सोबत्यांना सांगत होतो. आमच्या दिंडीतले एक वृद्ध टाळकरी, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते तटाला पाठ टेकून बसले होते. ते म्हणाले, "माउली, राजा कोण, किल्लेदार कोण, ते समजले. पण हे दगड वाहिले कोणी? त्यांची नावे कुठे लिहिली आहेत का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. शिलालेखांत राजांची नावे असतात, दगड वाहणाऱ्यांची नसतात. थोड्या वेळाने तात्याच म्हणाले, "एकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. आपल्या चोखोबांचे."

पुढे चालताना मन देवगिरीवरून मंगळवेढ्याला गेले. पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे जुने नगर. कल्याणला जाण्यापूर्वी कलचुरी राजांची राजधानी इथे होती. परंपरा सांगते, की शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याच्या कुसवाचे काम निघाले आणि त्यासाठी महार मंडळींना वेठीला धरले. त्यांत चोखोबाही होते. काम चालू असताना भिंत कोसळली आणि कित्येक माणसे तिच्याखाली गाडली गेली. नामदेवराय तिथे गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

कीर्तनात ही कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. पण अस्थींतले नाम ऐकण्याच्या ओढीने आपण तिचा आधीचा भाग घाईने ओलांडतो. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत. आत गाव, बाहेर महारवाडा. चोऱ्या झाल्या, धाडी आल्या तर आतल्यांना आडोसा, बाहेरचे उघड्यावर. चोखोबा ज्या भिंतीखाली गेले, तिच्या आत त्यांना घर नव्हते. भिंत कोसळली नसती, काम नीट पुरे झाले असते, तरी संध्याकाळी चोखोबा, सोयराबाई आणि कर्ममेळा कुसवाबाहेरच राहिले असते.

आणि समाधी तरी कुठे झाली? महाद्वारासमोर, नामदेव पायरीशेजारी. नामदेवरायांनी चोखोबांना आपल्याजवळ जागा दिली, हा त्यांचा मोठेपणा. पण ती जागाही उंबरठ्याच्या बाहेरची. पुढे शतकानुशतके आपल्या पूर्वजांनी चोखोबांचे अभंग गाइले, त्यांच्या समाधीला हात लावून ते राउळात गेले, आणि चोखोबांची लेकरे मात्र बाहेरूनच कळसाला हात जोडून परतली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार सर्वांना उघडले. १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षे. देवगिरीच्या तटांनीही शत्रूला इतका काळ थोपवून धरले नाही.

हे लिहिताना मला बरे वाटत नाही, कारण त्या सहाशे वर्षांत टाळ वाजवणारे हात माझ्याच घरचे होते. नाम घेणाऱ्यांनीच हे कूस राखले, हे कबूल केल्यावाचून चोखोबांची कथा सांगू नये असे मला वाटते.

उतरताना तात्या वेशीपाशी थांबले. तटाच्या खालच्या थरातल्या एका दगडाला त्यांनी हात लावला आणि तो कपाळाला नेला. मी विचारले, "कोणाला नमस्कार केलात?" ते म्हणाले, "ज्याने हा वाहिला त्याला."

येत्या आषाढीला महाद्वारी पोचाल तेव्हा चोखोबांपाशी क्षणभर थांबा. दर्शनाची घाई असेल, तरीही थांबा. आणि गावी परतल्यावर पाहा, आपल्या पंगतीत, पाणवठ्यावर, सोयरिकीच्या बोलण्यात ते कूस अजून उभे आहे का. असेल, तर ते उतरवण्याचे काम आपले आहे. त्यासाठी कोणाला वेठीला धरू नये, आपणच दगड उचलावा.

रामकृष्ण हरी.