मान वर करून चालणारे

माझी भाची गेली दोन वर्षं जपानी शिकतेय. पुण्यात याचं कोणाला नवल राहिलेलं नाही, आमच्या सोसायटीतच तिघं-चौघं सापडतील. तर तिच्या वर्गात मध्यंतरी जुनी जपानी गाणी ऐकवली आणि "मावशी, हे ऐकच, आमच्यातल्या दोघी रडल्या" असं म्हणून तिने मला एक गाणं पाठवलं. क्यू साकामोतोचं, 1961 सालचं. नावाचा अर्थ साधारण 'वर बघत चालू या'. वर का बघायचं? तर डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून.

मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही. चाल तर चक्क उड्या मारणारी, मधे मस्त शीळ आहे. मग भाचीने इतिहास सांगितला. 1960 साली जपानमध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध प्रचंड आंदोलन झालं, करार व्हायचा तो झालाच, आणि त्या हरलेल्या मनाने रोकुसुके एई या गीतकाराने हे शब्द लिहिले. गंमत म्हणजे 1963 साली हेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथल्या लोकांना नाव उच्चारता येईना म्हणून त्याला 'सुकियाकी' म्हणायला लागले. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ आहे! आपल्या एखाद्या विरहगीताला परदेशात कोणी 'मिसळ' म्हणावं, तसं. गाणारा साकामोतो 12 ऑगस्ट 1985 च्या विमान अपघातात गेला. त्या अपघातात 520 माणसं गेली.

असो. मला रडू आलं नाही, पण तो मान वर करून चालणारा माणूस डोक्यातून जाईना. कारण त्याला मी ओळखते. आमच्या घराण्यात तो पिढ्यानपिढ्या आहे. तुमच्याही असेल.

बायकांचं तसं नव्हतं. बायकांना रडायला जातं होतं. पहाटेचा अंधार, घरातले सगळे झोपलेले, दगडाची घरघर आणि त्या घरघरीच्या आडोशाने म्हटलेल्या ओव्या. आईच्या, भावाच्या, माहेरच्या, आणि वनवासातल्या सीतेच्या तर कितीतरी. पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांबरोबर हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! माझ्या पणजीने रोज पायली-दोन पायली दळलं असेल, पण तिला कोणी "का गं रडतेस" असं विचारलं नसणार. ती रडत नव्हतीच मुळी, दळत होती.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं माळ्यावर गेलं. रडणं मात्र राहिलं, ते लग्नाच्या मांडवात आलं. पी. सावळारामांचं 'गंगा यमुना' माहीत नसलेला मराठी माणूस विरळा. लेकीला निरोप देणारी आई, वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज. मंगल कार्यालयातला बँडवाला नवरी गाडीकडे निघाली की बरोब्बर तेच लावतो आणि तोवर मेकअप जपणाऱ्या सगळ्याजणी एकदम कोसळतात. मला यात नेहमी एक गोष्ट लक्षात येते. लिहिणारा पुरुष, चाल बांधणारा पुरुष. सावळाराम म्हणजे निवृत्ती रावजी पाटील, पुढे ठाण्याचे नगराध्यक्ष झाले. त्यांनी लेकीच्या वियोगाचं गाणं लिहिलं ते आईच्या तोंडी. आणि बाप? बाप त्या वेळी मागच्या दाराशी आचाऱ्याचा हिशोब करत असतो. किंवा टेंपोत भांडी नीट चढली का ते बघत असतो. मान वर करून.

या वर बघणाऱ्यांचं काय झालं, त्यासाठी आता 1955 मध्ये जावं लागेल.

पुणे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं. दीड वर्षाने, 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या शुक्रवारी सकाळी 'गीतरामायणा'चं पहिलं गाणं लागलं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं (दोघेही 1919 चे, आणि फडक्यांचं मूळ नाव राम!). वर्षभर आठवड्याला एक गाणं. बावन्न व्हायची होती, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि 56 झाली. 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीला संपलं. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, हे आपण सगळ्यांनीच मोठ्यांकडून ऐकलंय. मला त्यापेक्षा वेगळं काही सांगायचंय, आणि ते आत्याने सांगितलेलं आहे.

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचे. सरकारी कचेरीत कारकून. 1946 साली कोकणातल्या घरातून वडिलांशी भांडून निघाले ते परत गेले नाहीत. भांडण कशावरून, ते कोणी धड सांगत नाही. काका म्हणतो कलमांवरून, आत्या म्हणते कारण असं काही नव्हतंच. 1954 च्या पावसाळ्यात वडील गेल्याची तार आली. घाटात दरड पडलेली, आबा वाटेत अडकले, पोचले तेव्हा दहावा उरकत आला होता. परत आले, डोक्यावर टोपी घालून कचेरीत गेले. घरात एक शब्द नाही. आजीनेही विचारला नाही. तशी पद्धत नव्हती.

दुसऱ्या वर्षी गीतरामायण. शुक्रवारी सकाळी आबा कचेरीचे कपडे घालून, छत्री मांडीवर घेऊन रेडिओसमोर बसायचे. मधल्या कुठल्याशा शुक्रवारी 'पराधीन' लागलं. चित्रकूटावर भरत येतो, दशरथ गेल्याचं रामाला कळतं, आणि राम उलट भरतालाच समजावतो. समुद्रात दोन ओंडके भेटतात आणि लाटेसरशी वेगळे होतात, ही त्यातली उपमा सगळ्यांच्या लक्षात राहते (ती मूळ वाल्मीकींची, अयोध्याकांडातली). पण त्याच्याही आधी राम एक साधी गोष्ट सांगतो. या सगळ्यात आईचा दोष नाही, आणि वडिलांचाही नाही.

आत्या तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणते, आबा तिथे रडायला लागले. हुंदके देऊन, छत्री घट्ट धरून. मुलं घाबरली. आजी स्वयंपाकघरातून आली, तिने एकदा बघितलं आणि रेडिओचा आवाज मोठा केला. शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जाऊ नये म्हणून. मग आत जाऊन पोळ्या करायला लागली. गाणं संपल्यावर आबा तोंड धुऊन कचेरीत गेले.

हे ऐकल्यापासून मी गीतरामायण वेगळं ऐकायला लागले. आपण त्याला भक्तिगीतं म्हणतो, पण त्यात बापलेकांची गाणी किती आहेत बघा. दशरथ मुलाच्या वियोगाने मरतो, तेही कोणाच्या तरी मुलाला मारल्याच्या शापाने. भरत बाप गेल्यावर घरी पोचतो. आणि पहिलंच गाणं! दोन मुलं भरसभेत बापाचीच गोष्ट बापाला गाऊन दाखवतात, ऐकणाऱ्यांच्या गालांवर पाणी, राम आसनावरून उठतो, मुलांना जवळ घेतो, आणि ही आपली मुलं, हे आपले वडील, हे दोघांनाही माहीत नाही. म्हणजे गाणं ऐकून रडणारी सभा गदिमांनी पहिल्याच दिवशी गाण्यात बसवून ठेवली होती. पुण्यातल्या वाड्यावाड्यांतून छत्री-टोपीवाल्या माणसांना तिच्यात जाऊन बसायला मिळालं. बायकांना दगडाच्या घरघरीत मिळालं होतं तेच. देवाचं ऐकतोय म्हटल्यावर विचारणार कोण?

देवासारखीच देशाचीही सोय असते. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगो' म्हटलं आणि नेहरूंचे डोळे भरून आले, ही गोष्ट दर प्रजासत्ताक दिनाला सांगितली जाते. चाल आपल्या सी. रामचंद्रांची, पुणतांब्याच्या चितळकरांची. चीनच्या युद्धाला जेमतेम दोन-तीन महिने झालेले. तिथे रडायला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती स्वतःच्या घरातल्या गोष्टीसाठी, स्वतःच्या नावाने रडायला.

ती उठायला बराच वेळ लागला. 2003 साली संदीप खरे आणि सलील कुलकर्णी या पुण्याच्याच जोडीने 'आयुष्यावर बोलू काही' सुरू केलं, आणि पुढे त्यांचं 'दमलेल्या बाबाची कहाणी' आलं. कामावरून उशिरा येणारा बाप, झोपून गेलेली मुलगी आणि तिची मागितलेली माफी. ना राम, ना देश, ना आईचा आडोसा. बाप स्वतःच बोलतो. काही जणांना ते गाणं फार गोड वाटतं, डोळ्यांत पाणी आणण्यासाठीच बेतलेलं वाटतं. मलाही थोडंसं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मी ते पहिल्यांदा नाट्यगृहात ऐकलं तेव्हा स्टेजकडे कमी आणि रांगेकडे जास्त बघत होते. चाळीस-पंचेचाळिशीचे, कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात असलेले पुरुष चष्मे काढून पुसत होते. लपवत नव्हते. एकाची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला त्या क्षणी आजी आठवली आणि तिला हे दाखवायला हवं होतं असं वाटलं.

माझ्या बाबांना ते गाणं आवडत नाही. "आम्ही कुठे उशिरा यायचो, आमची कचेरी साडेपाचला सुटायची," एवढाच त्यांचा अभिप्राय. त्यांना 'पराधीन' आवडतं. एकटे असले की लावतात आणि मी खोलीत गेले की बंद करतात. मी हल्ली जात नाही.

हे लिहिण्याआधी खात्री करावी म्हणून काकाला फोन केला. तो तेव्हा बारा वर्षांचा होता, त्याच खोलीत होता. म्हणाला, आत्याचं काही ऐकू नकोस, ती पहिल्यापासून रडूबाई. ते गाणं 'पराधीन' नव्हतंच, 'थांब सुमंता' होतं. आणि आबा बिबा काही रडले नाहीत, त्यांना सर्दी झाली होती.

मग छत्री कुठली, काका? छत्री कशी आठवते तुला?

"अगं, काळी. लाकडी मुठीची. आजोबांची होती ती, कोकणातून येताना आबांनी तेवढीच आणली होती," काका म्हणाला. मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, बातम्या लागल्यात, ठेवतो.