सुट्टीतला गृहपाठ आणि चर्नी रोडची बाग

मे महिन्याच्या सुट्टीसाठी शाळा गृहपाठ देते, वाचायच्या पुस्तकांची यादी देते. पण यादीत काय असावं, हे कोण ठरवतं?

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारलं गेलं. फारसी घ्यावी लागली. घरी वडील रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ज्यात शूद्र-अस्पृश्यांना हीन लेखलं आहे, ते आपण का वाचायचं, असा सवाल बाबासाहेबांनी वडिलांनाच केला.

शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं. पुढे सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. तो काही गृहपाठ नव्हता. पण १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची वाट त्या पुस्तकापासून सुरू होते.

म्हणून आम्ही म्हणतो, शाळेचा गृहपाठ पूर्ण कराच. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिकही झालेच होते. पण आपल्या वस्तीतल्या प्रत्येक हायस्कूलच्या मुलामुलीच्या हाती यादीबाहेरचं एक पुस्तक द्या. आणि त्यांनी प्रश्न विचारला तर गप्प बसवू नका. केळुसकर गुरुजींचं काम आता आपलं आहे.

जय भीम!