वरळी कोळीवाड्यातील होडी : शीड, डिझेल आणि वीज

मासेमारी होड्यांच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास बहुधा ‘शीड गेले, इंजिन आले’ अशा सरळ रेषेत सांगितला जातो. वरळी कोळीवाड्याच्या संदर्भात ही मांडणी अपुरी वाटते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने कर्ज व अनुदान देऊन होड्यांवर डिझेल इंजिने बसविण्यास उत्तेजन दिले. १९६० नंतर महाराष्ट्र शासनाने तेच धोरण सहकारी संस्थांमार्फत पुढे नेले. तथापि आरंभीच्या यांत्रिक होड्यांवरही डोलकाठी व शीड ठेवले जात असे. इंजिन बंद पडलेच, तर किनारा गाठण्याचे ते साधन होते. कालांतराने शीड उतरले आणि हा राखीव आधार संपला.

या आधाराचे मोल अलीकडे पुन्हा स्पष्ट झाले. सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमधील अंतर ६० मीटर ठरले, तेव्हा वारा आणि प्रवाह यांमुळे होडी खांबावर आदळेल, अशी हरकत येथील मच्छीमारांनी घेतली. पुढे ते अंतर १२० मीटर करण्यात आले. अशा जागी यंत्र बंद पडणे म्हणजे प्राणाशी गाठ.

म्हणूनच विजेवर चालणाऱ्या होडीचा विचार करताना राखीव जनित्राला दुय्यम मानता येत नाही. एक लिटर डिझेलपासून पंख्यापर्यंत सुमारे ३ किलोवॅट-तास ऊर्जा पोहोचते; तेवढ्यासाठी २५ ते ३० किलो वजनाची लिथियम बॅटरी लागते. दिवसभर जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरला हे ओझे परवडणारे नाही. डोल जाळ्याची गोष्ट निराळी. हे जाळे समुद्रात रोवलेले असते व भरती-ओहोटीचा प्रवाहच त्यात बोंबील, जवळा आणून सोडतो. होडीला शक्ती लागते ती जाण्या-येण्यापुरती आणि जाळे उचलताना. मधला काळ प्रवाह मंदावण्याची वाट पाहण्यात जातो. (यंत्रयुगातही वेळापत्रक चंद्राचेच राहिले, हे विशेष.) त्यामुळे बॅटरी व लहान डिझेल जनित्र असा जोड येथे तरी विचारार्ह ठरतो.

केरळमध्ये वैक्कम येथे २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर नौका चालते. मात्र ते बॅकवॉटरचे शांत पाणी आहे, वरळीची पावसाळ्यालगतची लाट नव्हे. शिवाय राज्य शासनाचा मच्छीमारांना मिळणारा इंधन-परतावा डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा आहे. बॅटरीवर खर्च करणाऱ्या नाखव्याची बचत झालेल्या प्रत्येक लिटरमागे ही सवलतही कमी होते. तेव्हा तंत्रज्ञानाबरोबरच या सवलतीची फेरमांडणी करावी लागेल.