भाडेकरू ते परवानाधारक

मुंबई-पुण्यातील एखाद्या उंच इमारतीत सदनिका भाड्याने घेताना आपण ज्या कागदावर सही करतो, त्यात ‘भाडेकरू’ हा शब्द बहुधा नसतो. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो आणि सही करणारा ठरतो केवळ परवानाधारक. भाडेकरूचा जागेत काही हक्क निर्माण होतो; परवानाधारकाला मिळते ती फक्त ठरावीक काळापुरती वापराची मुभा. या शब्दबदलामागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. भाडेकरूला त्यामुळे निर्धास्तपणा लाभला, हे नाकारता येणार नाही. पण तोवर मरीन ड्राइव्हसारख्या भागात घरमालक भाड्यासाठीच इमारती बांधत होते. आता त्यात अर्थ उरला नाही. सदनिका विकल्या जाऊ लागल्या आणि त्या व्यवहारांसाठी १९६३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. जुन्या इमारती दुरुस्तीअभावी खचत गेल्या. पागडी बेकायदा असूनही सर्रास चालली.

या कायद्यातून सुटण्याची वाट म्हणून मालकांनी ‘लायसन्स’चा आधार घेतला. १९७३ साली शासनाने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण दिले. ज्यांना ते मिळाले ते सुखावले. पण मालकांनी धडा घेतला तो घर रिकामे ठेवण्याचा.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली आणि पागडीही कायदेशीर केली. परवानाधारकाने मात्र मुदत संपताच घर सोडायचे. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यायची.

या दोन टोकांमधले अंतर बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात स्पष्ट दिसते. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या तीन मजली चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्यान् पिढ्या भाडेकरूच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ४० मजली इमारतींत ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळाली. ही घरे त्यांना मिळाली ती जुन्या भाडेकरारामुळेच.

जामखेड तालुक्यातील खर्ड्याहून आज शहरात येऊन विसाव्या मजल्यावर राहणारा माणूस वीस वर्षे भाडे भरील, तरी अशा हक्काचा धनी होणार नाही. जुन्या कायद्याने आत असलेल्याला इतके दिले की बाहेरच्यासाठी दार बंद झाले. नव्या कायद्याने दार उघडले खरे, पण आत आलेल्याला कायमचा पाहुणा करून ठेवले.