पाव : तीन घरचा एक शब्द

वाण्याकडचा ‘पाव किलो’, बेकरीतला ‘पाव’ आणि ‘देवा, पाव रे’ या हाकेतला ‘पाव’ कानाला एकच वाटतात. प्रत्यक्षात हे तीन वेगळे शब्द आहेत.

सर्वांत जुनी वंशावळ मापाच्या पावाची. संस्कृतात ‘पाद’ म्हणजे पाय. जनावराच्या चार पायांपैकी एक, म्हणून चौथा हिस्सा. श्लोकाच्या चरणालाही पादच म्हणतात. प्राकृतात मधला ‘द’ गळाला आणि ‘पाव’ उरला. ‘पाऊण’ हा मूळचा ‘पादोन’, म्हणजे एकाला पाव कमी. ‘सव्वा’ हा ‘सपाद’, म्हणजे पावासकट. चार आण्यांच्या नाण्याला ‘पावली’ म्हणत, कारण ते रुपयाचा पाव. देवाच्या पावण्याचा मात्र या पायाशी संबंध नाही. ते ‘प्राप्’ या धातूवरून आले. पैसे पोचल्याची ‘पावती’ याच घरची.

खाण्याचा पाव पोर्तुगीज ‘पांव’पासून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’, म्हणजे भाकर. स्पॅनिशमध्ये त्याचा ‘पान’ झाला, इटालियनमध्ये ‘पाने’. पोर्तुगीजांनी ‘न’ नाकात नेला. हा अनुनासिक गुजराती ‘पांऊ’मध्ये अजून टिकून आहे, मराठीने तो सोडला.

या पावाच्या व्युत्पत्ती घरोघरी वेगळ्या ऐकू येतात. कोणी म्हणतात, कणीक पायांनी तुडवत म्हणून पाव. कोणी म्हणतात, मोठ्या रोटीचा चौथा भाग म्हणून. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्याचा पुरावा मराठीबाहेर सापडतो. सिंहलीत पावाला ‘पान्’ म्हणतात, जपानीत ‘पान’. जपानी भाषेत ना पाद होता, ना पावशेर. तिथे हा शब्द सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर पोचला. पुढे जपानीतून तो कोरियनमध्ये गेला आणि ‘प्पांग’ झाला. जिथे जिथे पोर्तुगीजांची गलबते लागली, तिथे तिथे हा शब्द उतरला.

गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. पाव फुगवायला लागणारे खमीर तिथे नव्हते, तेव्हा माडाची सूर कामी आली. आंबत असलेली ही सूर पिठात घातली की पीठ फुगे. पाव भाजणारा ‘पादेइरु’ कोकणीत ‘पोदेर’ झाला. गोव्यातल्या गल्ल्यांत सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येणारा पोदेर हाच. गोव्याचे बेकरीवाले मुंबईत आले, पुढे इराण्यांच्या बेकऱ्याही निघाल्या, आणि पाव शहराचे रोजचे अन्न झाला.

मुंबईचा पाव लादीने मिळतो. गोळे ट्रेमध्ये एकमेकांना खेटून ठेवतात. भट्टीत ते फुगून जुळतात. वरचा पापुद्रा तांबूस भाजतो, पण जिथे पावाला पाव चिकटलेला असतो तिथली बाजू पांढरी, मऊ राहते. म्हणून लादी सुरीने कापावी लागत नाही, हाताने सुटते.

वडापावात पोर्तुगीजांची देणगी पावापुरतीच नाही. ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच, आणि मिरची त्यांनीच अमेरिकेतून इकडे आणली. ‘वडा’ तेवढा संस्कृत ‘वटक’ या शब्दापासून आलेला आहे.