बेगमपेटची जाळी

ॲस्ट्रोपाय या पायथन लायब्ररीत आकाशाचे छायाचित्र उघडले, की कडेला आधी नुसते पिक्सेल दिसतात. प्रोजेक्शनच्या जागी डब्ल्यूसीएस, म्हणजे पिक्सेलवरून आकाशातली जागा काढायचे सूत्र, दिले, की त्याच कडांवर विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशाचे रेखांश-अक्षांश, उमटतात आणि सांगितले तर चित्रावर वाकड्या रेघांची जाळीही पडते. या जाळीचे मूळ पुरुष पॅरिसचे, पण एक मोठी शाखा हैदराबादेत नांदली.

सगळे आकाश काचेवर टिपायचे, असे 1887 च्या पॅरिस परिषदेत ठरले. त्यातला -17 ते -23 अंश क्रांतीचा पट्टा होता चिलीतल्या सँटियागोच्या वाट्याचा. तिथे काम रखडले आणि तो हैदराबादच्या निझामिया वेधशाळेकडे आला. नवाब जफर जंगांच्या हौसेतून 1901 साली जन्मलेली ही वेधशाळा 1908 मध्ये निझाम सरकारने घेतली आणि पुढे बेगमपेटला थाटली.

तिथल्या 8 इंची कुक दुर्बिणीच्या काचांवर ताऱ्यांसोबत चौकोनी जाळीही छापत. दोन रेघांत 5 मिलिमीटर. 1 मिलिमीटर म्हणजे आकाशातली सुमारे 1 कला. काचेवरचा थर आकसला तर जाळीही आकसणार, म्हणजे चूक लगेच उघडी. सूक्ष्मदर्शकाखाली तारा कुठल्या घरात, उभ्या रेघेपासून किती, आडव्या रेघेपासून किती, एवढेच वाचायचे. आधी पोकॉक, मग टी. पी. भास्करन या संचालकांच्या कारकिर्दीत असे साडेसात लाखांवर तारे मोजले गेले.

आणि छापले काय, तर विषुवांश नव्हे, नुसते क्ष आणि य! सोबत त्या-त्या काचेचे स्थिरांक. पुढचे गणित वाचणाऱ्याने करायचे. ऑक्सफर्डच्या टर्नरांची ही रीत. कामचुकारपणा वाटेल, पण माझ्या मते सगळी दूरदृष्टी यातच होती. 1990 च्या दशकात अमेरिकी नौदल वेधशाळेने ते जुने आकडे नव्या संदर्भ-ताऱ्यांवर पुन्हा बसवले, आणि 2000 सालच्या टायको-2 सूचीत ताऱ्यांची गती काढायला ते कामी आले.

1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खगोलचित्रे साठवणाऱ्या फिट्स फाइलने हाच शिरस्ता चालवला: पिक्सेल जसेच्या तसे, रूपांतराचे आकडे वर हेडरमध्ये. त्यातले 'टॅन' प्रक्षेपण म्हणजे तीच सपाट काच. म्हणून ॲस्ट्रोपायमध्ये अक्ष तास-मिनिटांत लिहा की अंशांत, आकड्यांचा रंग बदला, जाळी पुसट करा, खालच्या पिक्सेलला धक्का लागत नाही. फक्त विषुवांश डावीकडे वाढतो हे खटकून नवशिके अक्ष उलटा करतात, तेव्हा अख्खे आकाश आरशात गेल्यासारखे होते.