आंधळ्याची काठी आणि न दिसणारा उजेड

म्हातारपणीच्या मुलाला आपण सहज ‘आंधळ्याची काठी’ म्हणतो. पण खऱ्या काठीने अंध माणसाला काय कळते आणि काय कळत नाही, याचा विचार आपण फारसा करीत नाही. ठाणे स्टेशनाबाहेरच्या गर्दीत काठी टेकीत येणारा मनुष्य दिसला की आपण बाजूला होतो आणि गाडी गाठतो. काठीला पायरी कळते, खड्डा कळतो. दुकानाच्या छपराची पुढे आलेली कड मात्र कळत नाही. ती कपाळालाच कळते.

ही उणीव भरून काढण्याची खटपट जुनी आहे. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल याने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात, तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नाही तेथे तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. तेच हे अवरक्त किरण. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी लांब काठी डावी-उजवीकडे फिरवीत चालण्याची रीत बसविली. त्याच सुमारास प्रकाशाने अंतर जोखणारी उपकरणेही तेथे होऊ लागली. पुढे हॅवरफर्ड महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक टॉमस बेनहॅम यांच्या परिश्रमांतून लेसरची काठी आकारास आली. बेनहॅम स्वतः अंध होते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. तिच्यातून अवरक्त किरणांच्या तीन शलाका निघत : एक डोक्याच्या उंचीकडे, एक समोर, एक खाली खळगा हुडकण्यासाठी.

आज असा संवेदक कॉलेजातला विद्यार्थीही विकत आणून जोडतो. तत्त्व जमीन मोजणाऱ्याचेच : दोन ठिकाणांहून कोन घेतला की अंतर निघते. किरण वस्तूवर आपटून परततो आणि भिंगातून एका पट्टीवर पडतो. वस्तू जितकी जवळ, तितका तो ठिपका सरकतो. विद्यार्थ्यांत रूढ असलेला संवेदक १० ते ८० सेंटिमीटरपर्यंतचे अंतर सांगतो. आता हिशेब करा. मनुष्य सेकंदाला सुमारे एक मीटर चालतो. म्हणजे इशारा मिळाल्यावर थांबावयास पुरता एक सेकंदही नाही. शिवाय वस्तू १० सेंटिमीटरच्या आत आली की आकडा उलटा फिरतो, आणि नाकाशी आलेला खांब दूर असल्यासारखा भासतो! यासाठी जाणते विद्यार्थी संवेदक पेटीत तेवढाच मागे बसवितात. कडक उन्हात किरण बुजतो, काचेतून आरपार जातो. प्रयोगशाळेच्या टेबलावर यातले काही दिसत नाही.

दिल्लीच्या आय. आय. टी.त प्रा. एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली रोहन पॉल आदी विद्यार्थ्यांनी २००५ च्या सुमारास हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी प्रकाशाऐवजी कानांस ऐकू न येणारा ध्वनी निवडला. अंध माणसांच्या हाती देऊन, त्यांच्या तक्रारी ऐकून फेरफार करीत ‘स्मार्टकेन’ लोकांपुढे यावयास २०१४ साल उजाडले. तिला सुमारे तीन मीटरवरचा अडथळा कळतो आणि मूठ थरथरते. यंत्र काय ते त्या मुठीत. खाली काठी नेहमीचीच, पांढरी.